उजवं दार पोकळ वाजतं

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्या नव्हती, वारा सुटला नव्हता, कुत्रं रडत नव्हतं.

भर दुपार होती. कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलमधली जुलैची दुपार. गाडीच्या टपावर अंडं फोडलं तर तळून निघेल असं ऊन.

खोटं वाटलं तर वाटू दे. पण नडीन टॅकेट माझ्या कुंपणापलीकडे राहते, आणि तिला गोष्टी रचता येत नाहीत. साधा विनोद सांगायला घेतला तरी शेवट आधीच सांगून मोकळी होते. तिने मला जे सांगितलं आणि कुंपणावरून मी जे पाहिलं, तेवढंच लिहितेय.

नडीनचा नवरा वेन्डेल. जन्मभर तेलाच्या विहिरींवर वेल्डिंग केलं, आता घरी. त्याचा जिवलग मित्र ऑर्व्हेल प्रुइट, दोन गल्ल्या सोडून राहायचा. दोघांना मिसरूड फुटल्यापासून एकच वेड. हॉट रॉड. जुन्या ढंगाची बुटकी गाडी, पोटात दांडगं इंजिन, आणि रस्त्याने जाताना लोकांच्या खिडक्या हादरल्या पाहिजेत.

खऱ्या पत्र्याची जुनी बॉडी दोघांच्या ऐपतीबाहेरची. म्हणून फायबरची. घरच्या घरी.

पिकअपचा जुना सांगाडा मिळाला, इंजिन भंगारातलं. बॉडीचा साचा एका ओळखीच्याकडून उसना आणला आणि वेन्डेलच्या गॅरेजसमोर काम सुरू झालं.

काम दिसायला सोपं. साच्याला आतून मेण लावायचं. काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर कालवून त्यात ती भिजवायची आणि रोलरने दाबून दाबून आतली हवा काढायची. हवा राहिली की तिथे पोकळी.

पण एकदा हार्डनर पडला की माल कुणासाठी थांबत नाही. आधी मधासारखा, मग जेलीसारखा, मग दगड.

म्हणून हे काम दोघांचं. एकाने कालवायचं, दुसऱ्याने रोलर फिरवायचा. आणि दोघांचा नियम एकच होता. माल धरायला लागला की हात थांबवायचा नाही. काहीही होवो.

वाळलेला भाग साच्यातून निघाला की ऑर्व्हेल नाणं घेऊन त्यावर वाजवत फिरायचा. भरीव असेल तर टण्. आत पोकळी असेल तर ठप्. डोळे मिटून वाजवायचा, डॉक्टर पेशंटची पाठ वाजवतो तसा.

मे महिन्यात उजवं दार तेवढं उरलं होतं.

त्या दिवशी उकाडा फार होता. ऑर्व्हेलने कालवलं आणि वाटी पुढे केली.

"वेन्डेल, हार्डनर जरा जास्त पडला रे."

"म्हाताऱ्या, चमच्यातलं दिसत नाही तर चष्मा कशाला मिरवतोस?"

"तू तोंड बंद ठेव आणि रोलर मार. मी जरा टेकतो."

तो मागे घडीच्या खुर्चीत बसला. शेजारी डाव्या बाजूचा वाळलेला भाग टेकून ठेवला होता. वेन्डेल कमरेपर्यंत साच्यात वाकलेला. माल भराभर धरत होता.

मागून आवाज आला...

टक् टक्.

वेन्डेलला वाटलं, बसल्या बसल्या डावी बाजू तपासतोय. नेहमीचंच.

"येतो रे, एवढा कोपरा राहिलाय!"

टक्.

"अरे, येतो म्हटलं ना! धरतोय इथे माल!"

मग आवाज आला नाही...

नडीन थंड चहाचे पेले घेऊन बाहेर आली, तिने आधी पाहिलं. ऑर्व्हेलची हनुवटी छातीवर टेकली होती. नाणं हातातच होतं. तिच्या हातातून ट्रे सुटला.

वेन्डेल मागे न वळता म्हणाला, "काय फोडलंस गं?"

त्याचा रोलर चालूच होता.

हृदय बंद पडलं, अँब्युलन्सवाले म्हणाले. क्षणात गेला, तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही झालं नसतं. वेन्डेलने मान हलवली. पटलेलं नाही, हे नडीनला त्या मानेवरूनच कळलं.

आणि ते उजवं दार... सगळ्या गाडीत त्याच्याइतकं सफाईचं काम दुसरं नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढी हवा नव्हती त्यात.

महिना दीड महिना गाडी ताडपत्रीखाली पडून होती. मग ऑर्व्हेलची बायको व्हर्ना आली. बटाट्याच्या सॅलडचं भांडं ओट्यावर आदळून म्हणाली, "पुरी कर ती गाडी. जन्मभर माझी प्रत्येक सुट्टी या वेडापायी बुडवली त्याने. एक फेरी तरी मारू दे मला."

वेन्डेलने ताडपत्री काढली. ऑर्व्हेलचंच नाणं घेऊन बॉडी वाजवायला घेतली.

टण्. टण्. टण्.

उजव्या दारापाशी आला...

ठप्.

तो थबकला. पुन्हा वाजवलं. ठप्. तळहाताएवढी जागा पोकळ.

असं व्हायला नको होतं. त्याने खडूने खूण केली, ग्राइंडरने तेवढा भाग घासून काढला. आत पोकळी नव्हती. थरावर थर घट्ट चिकटलेले. त्याने नवी चटई लावून भरून घेतलं. माल वाळला. वाजवलं. टण्.

आणि वीतभर पुढे... ठप्.

तिथलं घासलं. आत काही नाही. भरलं.

पोकळी बिजागरीकडे सरकली.

"ही फिरते गं," जेवताना तो म्हणाला.

"उन्हाने डोकं फिरलंय तुझं. मास्क लावतोस का? तो वास काय कमी असतो? खा ते."

"मास्क लावतो."

"मग चष्मा बदल."

"कानाने ऐकतोय मी, चष्म्याने नाही."

नडीन हसली. तोवर हसत होती.

दोन-चार दिवसांनी ती दुपारी स्वयंपाकघरात कणसं सोलत होती. गॅरेजमधून आवाज आला...

टक् टक्.

लागला कामाला, ती मनाशी म्हणाली. जेवायला हाक मारावी म्हणून खिडकीतून पाहिलं, तर वेन्डेलची पिकअप नुकती दारात वळत होती. तो आत बसलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

टक्.

ती गॅरेजमध्ये गेली. पंखा बंद. कुणी नाही. गाडीच्या उजव्या दाराच्या पलीकडून बघितलं, अलीकडून बघितलं. फायबर तो केवढा, पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्याहून थोडा जाड. त्याच्यात लपायला मुंगीलाही जागा नाही.

मागे वेन्डेल उभा होता. हातात दुधाचा कॅन. चेहऱ्यावरून रंग उतरलेला.

"तूही ऐकलंस?" तो म्हणाला.

तिला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

त्या दिवसापासून आवाज आला की वेन्डेल धावायचा.

ताटावरून उठायचा. अंगाला साबण लावलेला असताना टॉवेल गुंडाळून पळायचा. ओट्यावर तेल तापत ठेवून जायचा. धावत गॅरेजमध्ये, दारापाशी गुडघे टेकून, फायबरवर हात ठेवून... "आलो, ऑर्व्हेल. आलो रे. बोल."

आणि तो पोचला की आवाज थांबायचा.

प्रत्येक वेळी.

पहिल्याच टकटकीला उठला तरी उशीर. शेजारच्या खोलीतून गेला तरी उशीर. मी कुंपणावरून पाहिलंय त्याला. तो धडधाकट माणूस अनवाणी तापल्या सिमेंटवरून पळायचा आणि परत येताना म्हातारा होऊन यायचा.

"तो हाक मारतो आणि मी पोचत नाही," तो नडीनला म्हणाला.

"मग आधीच जाऊन बस तिथे. मीही बसते. बघू काय म्हणतोय तो."

दोघं दाराच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले. सकाळपासून. फायबरवर तळवे ठेवून. सँडविच तिथेच खाल्लं. दुपार झाली, कलली. दार गप्प.

वेन्डेलच्या खांद्यावरचा भार उतरत होता. त्याने बायकोकडे बघून अर्धवट हसून पाहिलं.

तेवढ्यात...

टक् टक्.

घरातून आला आवाज. त्याच्या पाठीमागून.

तो उठून घरात धावला. स्वयंपाकघर रिकामं. तो ओट्यापाशी पोचतो न पोचतो तोच...

टक्.

गॅरेजमधून. पुन्हा पाठीमागून.

नडीन घर आणि गॅरेजच्या मधल्या उंबऱ्यावर उभी होती. तिला तेव्हा कळलं. आवाज गाडीत नव्हताच. वेन्डेलची जिकडे पाठ असेल, तिथे होता.

तिने व्हर्नाला बोलावलं. दुसरं कुणाला बोलावणार? व्हर्ना आली, सोफ्यावर ताठ बसली, पर्स मांडीवर. वेन्डेल तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून.

खिडकीच्या काचेवर... टक् टक्.

व्हर्ना हलली नाही. म्हणाली, "एवढी वर्षं संसार केला. पायाचं हाड मोडलं तेव्हाही स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेला, मला उठवलं नाही. कधी कुणाला हाक मारली नाही त्या माणसाने."

टक्.

"आणि आता मारतोय, तर ती मला नाही." तिने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं. "अरे मेल्या, इकडे तरी बघ! मी आहे इथे!"

कुणी बघितलं नाही. बघणार कोण?

ती जाताना नडीनला म्हणाली, "गाडी राहू दे. तुझा नवरा सांभाळ."

नडीनला गाडीचं कधीच काही पडलं नव्हतं. तिला रात्री शेजारी घोरणारा, नाश्त्याला तीन पॅनकेक खाऊन चौथ्याकडे बघणारा आपला माणूस परत हवा होता. वेन्डेलची पँट पट्ट्यात गोळा व्हायला लागली होती. झोप गेली. भिंतीला पाठ लावून बसायचा, तर भिंतीत वाजायचं.

ती त्याला डॉक्टर गिलकडे घेऊन गेली. डॉक्टर गिल आमच्या सगळ्या गल्लीची डॉक्टर. कमी बोलणारी, सरळ बाई. तिला टकटकीचं काही सांगितलं नाही. झोप नाही, भूक नाही, एवढंच.

तिने वेन्डेलला टेबलावर बसवलं, शर्ट काढायला लावला. पाठीवर डावं बोट ठेवून उजव्याने वाजवत खाली आली. एक जागा, दुसरी जागा.

डाव्या खांद्याच्या पात्याखाली...

ठप्.

कोपऱ्यातल्या खुर्चीत नडीनने मान वर केली.

डॉक्टरने पुन्हा वाजवलं. कपाळाला आठी. लगेच छातीचा फोटो काढून आणायला पाठवलं. फोटो स्वच्छ. छाती कोऱ्या कागदासारखी. तिने तो उजेडात धरून दोनदा बघितला, मग कानाला नळी लावली आणि त्या जागेवर ठेवली.

थोडा वेळ गेला.

"मिस्टर टॅकेट, बोटं वाजवू नका हं."

"मी कुठे वाजवतोय?"

त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. उताणे.

डॉक्टर त्या हातांकडे बघत राहिली. नळी पाठीवर तशीच. मग तिने ती हळूच काढली, आणि काढल्यावर आपले कान चोळले.

झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दारापर्यंत आली, नडीनचं कोपर धरलं. "परत घेऊन या," म्हणाली. मग म्हणाली, "गरज वाटली तर." तिने नडीनकडे बघितलं नाही.

घरी जाताना गाडीत वेन्डेल म्हणाला, "नडी, आज शांत आहे ना?"

शांत होतं.

घरात शांत. गॅरेजमध्ये शांत. त्याने नाणं घेऊन उजवं दार वाजवलं. टण्. वरपासून खालपर्यंत, टण् टण् टण्, देवळातल्या घंटेसारखं.

"गेला!" तो म्हणाला, आणि दाराला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. "गेला गं तो. सुटला."

नडीन त्याला काय सांगणार? तुला ऐकू येत नाही कारण आता तो तुझ्या...? माणूस सगळीकडे वळून बघेल. स्वतःच्या पाठीत कसा बघणार?

वेन्डेल जेवायला लागला. झोपायला लागला. घासून घासून बॉडी गुळगुळीत केली, काळा रंग दिला. सप्टेंबरात व्हर्नाला शेजारी बसवून नदीपर्यंत फेरी मारून आणली. खिडक्या हादरल्या आमच्या. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरची एक दुपार.

नडीन कपड्यांच्या घड्या घालत होती. वेन्डेल टीव्हीसमोर उभा राहून कुणाला तरी शिव्या घालत होता. मध्येच थांबला.

"मी जरा टेकतो," तो म्हणाला.

खुर्चीत बसला. ओठ राखेसारखे झाले.

नडीन धावली. त्याला सरळ करायला पाठीमागे हात घातला, आणि तळव्याला लागलं...

शर्टाच्या आतून. कातडीच्या आतून. टक् टक्.

तिचा हात तिथे पडला आणि ते थांबलं.

वेन्डेलने श्वास घेतला. ओठांवर रंग आला. "काय गं, अशी का बघतेस?" म्हणाला.

अँब्युलन्स आली. तपासलं, सगळं ठीक. पाणी प्या म्हणाले, ऊन फार आहे.

तेव्हापासून नडीनचा हात त्याच्या पाठीवर असतो.

सतत नाही. थोडी उसंत मिळते. भांडी होतात, आंघोळ होते. पण ती उसंत कमी कमी होत चाललीय, आणि नेमकी कधी संपेल ते आधी कळत नाही. म्हणून ती हात ठेवून झोपते. दुकानात रांगेत उभी असताना हात ठेवते. चर्चमध्ये स्तोत्रं म्हणताना एका हातात पुस्तक, दुसरा त्याच्या पाठीवर.

त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पुन्हा धावायला लागेल, आणि आता धावून जाणार कुठे?

"म्हातारपणी लाडात आलीयेस," तो चिडवतो. "लोक बघतायत."

"बघू देत. माझा नवरा आहे."

लोक बघतातच. या वयात काय प्रेम आहे, म्हणतात. चर्चमधल्या एका तरुण जोडप्याने त्यांचा फोटो काढून फ्रेम करून दिला.

नडीनचं उजवं मनगट सुजलंय. बोटं बधिर होतात. डॉक्टर गिल म्हणाली, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. डावा हात तिने करून बघितला, पण डाव्या हाताला ते लवकर दाद देत नाही. व्हर्नाने एकदा हात ठेवून पाहिला. व्हर्नाच्या हाताखाली ते थांबलंच नाही, उलट वाढलं. बिचारी पर्स उचलून घरी गेली.

मागच्या आठवड्यात नडीन कुंपणापाशी आली. बराच वेळ टोमॅटोंबद्दल बोलली.

मग म्हणाली, "मंगळवारी मला दवाखान्यात घेतायत. एक रात्र ठेवतील. तू येशील का?"

"तुझ्याबरोबर?"

"नाही. त्याच्यापाशी." तिने मान खाली घातली. "तुमच्या भारतात तेल लावून मालिश करतात ना? मी त्याला सांगितलंय, तुला छान जमते. त्याला पाठ चोळून हवीच असते."

मला मालिश येत नाही. मी जन्मात कुणाला केलेली नाही. मी हो म्हटलं.

काल दुपारी तिने जागा दाखवायला बोलावलं. वेन्डेल पोर्चवर पाय सोडून बसला होता, कलिंगड खात, बिया अंगणात थुंकत. "या बाई," म्हणाला, "हात गरम आहेत ना? हिचे बर्फासारखे असतात."

नडीनने माझा हात धरून त्याच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली ठेवला आणि आपला काढून घेतला.

शर्ट उन्हाने तापलेला. त्याचा श्वास संथ. आत काही वाजत नव्हतं.

पण दाराच्या पलीकडे कुणी गप्प उभं असेल तर अलीकडच्याला कळतं ना...

तसं.

"किती वेळ ठेवायचा गं?" मी नडीनला हळूच विचारलं.

ती आपल्या सुजलेल्या मनगटाकडे बघत होती. "मी येईपर्यंत," म्हणाली.

मंगळवार उद्या आहे.